भाची, तुम्ही म्हणालात

बाबा, आज सकाळी टीव्हीवर एक बातमी पाहिली आणि माझ्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. अमेरिकेतल्या एका क्लबनं आपला सगळ्यात मोठा बास्केटबॉल खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात त्यांचा एक मोठा खेळाडू घेतला. ज्याला देऊन टाकलं तो ऐन उमेदीतला पोरगा. त्याच्या नावाची बनियन घालून तिथली लहान लहान मुलं मैदानावर येतात. त्याला कोणी काही विचारलं नाही, फोनवर कळवलं म्हणे. माझं तोंड असं झालं असावं की पोहे खात बसलेल्या रायपूरच्या ड्रायव्हरनं विचारलं, "क्या हुआ दीदी, कोई गुजर गया क्या?" मी म्हटलं, "नहीं, एक खिलाड़ी की अदलाबदली हो गई." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पोह्यांवर आणखी तर्री मागितली.

मग टीव्हीवर सूटबूट घातलेले लोक दोघांना तोलायला बसले. एक तरुण, बास्केटही करतो आणि दुसऱ्यांकडूनही करवून घेतो, पण बचावात आळशी. दुसरा वयानं मोठा, दुखण्यांनी बेजार, पण तो रिंगखाली उभा असला की समोरच्याला आत शिरायची हिंमत होत नाही. कोणाची किंमत जास्त? मला तुमची आठवण झाली. सडक अर्जुनीच्या आपल्या या धाब्यावर, याच कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर, तुम्ही सकाळी सकाळी अमेरिकेच्या मॅची लावायचात. ट्रकवाले सिनेमाची गाणी मागायचे, तुम्ही ऐकायचा नाहीत. तुमचा लाडका एक उंच खेळाडू, माझा एक बुटका. गंमत अशी की तुमचा उंच मैदानात असला की तुम्ही चुलीकडे जाऊन भजी तळायचात, आणि तो बाकावर बसला की हात पुसत टीव्हीपुढे यायचात. मी विचारलं होतं, हे काय उलटं? तुम्ही म्हणालात, "तो खेयते ते त साऱ्यायले दिसते वं. तो बसला का टीम कशी होते, थे पाय. तवा समजते कोन केवढा हाय."

हा खेळ आपल्या घरात आला तो हायवेनं. भिलाई, राजनांदगावच्या मुलींच्या टीम नागपूरला जाताना आपल्याकडे थांबायच्या. माझ्याएवढ्या, माझ्याहूनही उंच मुली बसमधून उतरायच्या आणि गावात मला टोकायचे तसं त्यांना कोणी उंचीवरून टोकत नसे. तुम्ही ते पाहिलंत आणि धाब्यामागे, पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी खांबाला रिंग वेल्ड करून घेतलीत. माझ्यासाठी. तेव्हा मी एकटी होते. पुढच्या पावसाळ्यात केशोरी गावातली माझी आत्या वारली आणि तिची पोरगी आपल्याकडे राहायला आली. तिचे वडील आधीच घर सोडून गेलेले. ती आली तेव्हा बोलायचीच नाही. मी तिच्याकडे बॉल फेकला, तिनं तो झेलला आणि परत फेकला. तेच आमचं बोलणं. महिनाभरात मी कुठं पळणार आहे हे माझ्याआधी तिला कळू लागलं.

ट्रायलचा दिवस मला अजून लख्ख दिसतो. राजनांदगावचे कोच शाळेच्या मैदानावर आलेत, धानकापणी सुरू आहे म्हणून गावातलं कोणी फारसं नाही, तुम्ही मात्र धाबा आईवर सोडून आला आहात, खांद्यावर तोच तेलकट पंचा. आम्ही दोघी जीव तोडून खेळतो आहोत. मी टाकते ते आत जातं आहे, सगळंच आत जातं आहे, माझ्या आयुष्यात इतकं चांगलं मी कधी खेळले नव्हते. त्यांच्या खेळाडूंच्या होस्टेलमध्ये जागा एकच. कोच कपाळ पुसत तुमच्याकडे वळतात. "भाईसाब, दोनों अच्छी हैं. आप रोज देखते हो. आप ही बताओ, इनमें से कौन?" मी तुमच्याकडे पाहतसुद्धा नाही, शूजची लेस बांधते आहे. आणि तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणता, "भांजी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. नंतर कळलं की कोचलाही तसंच वाटलं होतं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं आणि तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत. घरी आल्यावर आईनं तुमच्यापुढे ताट आदळलं. "पोटच्या पोरीले मागं टाकलं तुमी. लोकं का म्हनतीन?" तुम्ही खाली मान घालून जेवलात. तुम्ही टाकीपाशी हात धूत होतात, तिथं येऊन मी विचारलं, "बाबा, काऊन?" तुम्ही माझ्याकडे सरळ पाहिलंत. "ती नसली त टीम मोडते. तू नसली त दुसरी कोनी बास्केट टाकन." एवढंच. मायेचा एक शब्द नाही. मला रडूही आलं नाही, कारण मला वाटलं, बाबा मॅच पाहून बोलतात तसं खरं तेच बोललेत.

मी ते खरं मानूनच जगले. ती होस्टेलला गेली, विद्यापीठाकडून खेळली, नोकरी लागली, गुडघा गेल्यावर राजनांदगावातच कोच झाली. मी इथं राहिले. जवळच लग्न झालं, तुमच्यानंतर धाबा हाती घेतला, आणि खोटं कशाला सांगू, चांगला चालवला. दुःखात होते असं नाही. पण कोणी कोणाची तुलना करू लागलं की माझ्या कानात तो एक शब्द वाजायचा.

तर आज सकाळी बातमीनंतर थोड्याच वेळात तिचा फोन आला. तीही हादरलेली. "पायलं का वं? असं कसं देऊन टाकलं त्यायनं?" आम्ही नेहमीसारख्या भांडलो. मी म्हटलं, म्हाताऱ्याच्या बचावापेक्षा तरुणाच्या हातात जास्त खेळ आहे. ती म्हणाली, एकेकट्याची किंमत काढूच नको, बाजूला कोण उभं आहे ते पाहा. मग टीव्हीवर त्या पोराचा चेहरा दाखवला आणि तिनं भांडण मधेच सोडलं.

"तुले एक सांगाचं हाय," ती म्हणाली. "मामानं मले बसमंधी बसोलं, तवा खिडकीतून वाकून का म्हनलं, मालूम हाय? म्हने, माही पोरगी तुह्याहून भारी हाय. हे ध्यानात ठेवजो आन खेयजो."

बाबा, चुलीवरचा चहा उतू गेला आणि मी नुसती पाहत राहिले. मी तिला म्हटलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, इतकी वर्षं बोलली काऊन नाहीस? ती म्हणाली, "तुले का सांगू, मी तुह्या जागेवर बसली हावो म्हनून? हरेक मॅचमंधी मी समोरच्या टीमसंग नाही, तुह्यासंग खेयून रायली होती. जिकलो तरी वाटे, ती असती त आनखी मोठं जिकलो असतो."

म्हणजे तुम्ही मला सांगितलंत की ती मोठी, आणि तिला सांगितलंत की मी मोठी. दोघींनी ते जन्मभर खरं मानलं. आधी मला हसू आलं, मग खूप राग आला. आईबाप नसलेल्या पोरीला घर मिळावं म्हणून कोचला तसं सांगितलंत का? मग ते मला सांगायचं होतं. मी समजून घेतलं असतं, आणि नसतं घेतलं तर भांडले तरी असते. की मैदानावर बोललात तेच खरं होतं, आणि खिडकीतलं बोलणं फक्त तिला पेटवायला होतं? तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मले का मालूम. मामालेच विचार." आणि आम्ही दोघी फोनवर हसलो, आणि मग ती रडली. ती रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, आत्या गेली तेव्हाही नाही.

म्हणून तुम्हालाच लिहून विचारायला बसले. दुपारची गर्दी उरकली आहे, आई आत झोपली आहे, तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं तर तुमच्या फोटोला चार शब्द सुनावेल, आणि तिचं चुकणारही नाही. हे कुठं पाठवायचं नाही, ते मला कळतं. आणि उत्तरही मला माहीत आहे. राजनांदगावला जाऊन मी तिच्या मॅची पाहिल्या आहेत, ती बाकावर बसली की टीम कशी मोडायची ते पाहिलं आहे. भारी तीच होती.

तरी बाबा, खिडकीतलं तुमचं बोलणं खरं निघावं, असं मला सकाळपासून वाटत आहे.