सहा आकडे

दादास,
धाकट्याचा नमस्कार.

सकाळपासून माझ्या कॉम्प्युटरवर एक चौकट आली आहे. तुझ्या घरच्या कॉम्प्युटरवरून 'आईचा आवाज' नावाची फाइल मला द्यायची आहे म्हणे. खाली सहा आकडे, आणि 'हो' की 'नाही'. हे तूच पाठवलंस, की तुझ्या नावाने कोणी भामटा आत शिरू पाहतोय, काही समजत नाही. आईचा आवाज तू कधी टेप केलास?

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, काकांना फोन करा. त्यांच्याकडे हेच आकडे दिसत असतील, तरच 'हो' दाबा. नाहीतर कोणालाही घरात घ्याल."

मी म्हटलं, "आकडे पत्राने कळवले तर?"

"पत्र पोचेपर्यंत ते शंभरदा बदलतील. आणि सात वर्षं झाली, बाबा. दोघांनी तोंडाला कुलूप लावलंय का?"

खरंच बदलतात. या कागदावर तीनदा लिहिले, तीनदा खोडले. घाईत 'नाही' दाबलं गेलं, तर तो आवाज पुन्हा मिळेल का? आई गेली त्या दिवशी दारात मी तुला जे बोललो, ते मला अजून लिहवत नाही. मग फोनवर कुठून बोलू?

हे पत्र राहू दे. फोनच लावतो. तोंडातून दुसरं काही फुटलं नाही, तर नुसते आकडे वाचेन. तू तुझे वाच. वाचून झाले तरी लगेच फोन ठेवू नकोस, दादा.

तुझा,
धाकटा