आधी पोचेल त्याचा तारा

एल्म रिव्हर, मिनेसोटा
१८ नोव्हेंबर

ती. मार्लिसताईस,
धाकट्या कॉनरॅडचा सा. न. वि. वि.

एक गंभीर तक्रार आहे, तेव्हा गाडी बाजूला लावून वाच. गेल्या पंधरवड्यात तू पाठवलेल्या एकतीस फोटोंपैकी बावीस फोटोंत तुझा अंगठा आला आहे. एकात तर अंगठाच आहे आणि मागे थोडीशी गाडी. नियम मीच लिहिलेला असल्यामुळे मला तो तोंडपाठ आहे: गाडी, गाडीला जोडलेली केबल, चार्जिंग स्टेशनची पाटी आणि पडद्यावरचा बॅटरीचा टक्का, एवढ्या चार गोष्टी दिसल्या की ती भेट यादीत धरायची. अंगठा हे पाचवे अंग शास्त्रात कुठेही सांगितलेले नाही. टल्साच्या रॉइस टॅकेटने तर काल विचारलं की ही बाई स्वतःच्या गाडीनं फिरतेय, का अंगठा दाखवून लोकांच्या गाड्या थांबवतेय. मी यादीचा रखवालदार, मला पक्षपात शोभत नाही, म्हणून मी हसलो नाही. लोरेन हसली, ती माझी बायको असली तरी तिच्याकडे कोणतेही पद नाही.

किती वेगवेगळ्या स्टेशनांवर कोणी विजेची गाडी भरली, त्या यादीची आजची स्थिती अशी: रॉइस चौदाशे एकोणीस, तू चौदाशे बारा. बाकीची तीनशे निवृत्त मंडळी कुठल्याकुठे मागे आहेत. एकतीस डिसेंबरला वर्ष बंद होईल आणि जो पुढे असेल त्याचं नाव वर लागेल. डुएनभावजी असते तर त्यांनी तुला नकाशा काढून दिला असता आणि तू तो न बघता गेली असतीस.

अंगठ्यामागे दडलेला टक्काही मी चष्मा लावून पाहिला. महिन्याच्या आरंभी तू बॅटरीत नऊ टक्के उरलेले असताना स्टेशनवर पोचत होतीस, परवा सहावर. उन्हाळ्यात हे ठीक असतं. आता रस्त्यावर बर्फ आहे, ताई.

लोभ आहे तेवढा ठेव. वाढवलास तर यादीत त्याचीही नोंद करीन.

तुझा
कॉनरॅड

वॉल्डन क्रीक, साउथ डकोटा
२७ नोव्हेंबर

चि. कॉनरॅडास,
थोरल्या बहिणीचे पोतंभर आशीर्वाद.

अंगठा माझा आहे, तो कुठे ठेवायचा ते मी ठरवीन. तीस वर्षं ह्याच अंगठ्यानं मी अर्ध्या जिल्ह्याचं टपाल वाटलं, तेव्हा कुणी तक्रार केली नाही. तुझं पत्र इथल्या पोस्टात तीन दिवस माझी वाट बघत होतं. खिडकीतली पोरगी म्हणाली की हल्ली पोस्टात ठेवायला पत्र कोणी पाठवत नाही, मी तिला म्हटलं आमच्या घरात एक प्रोफेसर आहे, त्याला सात विद्यार्थी आहेत आणि भरपूर वेळ आहे. तुमच्या त्या कॉम्प्यूटरवरच्या गप्पांच्या पानावर मी जात नाही, हे तुला ठाऊकच आहे. फोटो पाठवते तेवढं पुरे. बाकीचं तू कळव, तुझ्यावर माझा भरवसा आहे.

टक्क्यांचं तुला समजावून सांगते, कारण तू संस्कृत शिकवतोस. रिकामी बॅटरी भसाभसा पिते. अर्धी भरलेली असली की नखरे करते, घोट घोट घेते. तीन-चार टक्क्यांवर पोचलं की पंधरा मिनिटांत पुढच्या ठिकाणापुरतं भरून मी रस्त्याला लागते. चाळीस टक्क्यांवर पोचणारा माणूस तिथे बसून म्हातारा होतो. यादीतला प्रत्येक जण हेच करतो. रॉइस तर गेल्या वर्षी शून्यावर पोचला होता, आणि त्याची फुशारकी तूच छापली होतीस.

तो रॉइस मंगळवारी इथेच भेटला. समोरच्या खाणावळीत आंबटगोड रुबार्ब-पायची बशी घेऊन बसला होता, मला बघून अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवला. म्हणाला, बाई, सात ठिकाणं म्हणजे काही फार नाही, पण हिवाळा माझ्या बाजूचा आहे. मी म्हटलं हिवाळा कोणाच्याच बाजूचा नसतो, तू टल्साचा, तुला बर्फ फक्त पेल्यात माहीत. तो हसला खरा, पण मग त्यानं विचारलं की गाडीत हीटर लावतेस ना. मी सांगितलं, नाही. हीटर म्हणजे बॅटरीला लागलेली जळू. आईची गोधडी गुडघ्यांवर आणि डुएनचा शिकारीचा कोट अंगावर, एवढ्यात माझं छान भागतं. बोटं जरा बधिर होतात, पण ती टपाल वाटतानाही व्हायचीच.

घरी काय करू, तूच सांग. तिथे फ्रीजचा आवाज ऐकत बसायचं. इथे निदान रोज कुठेतरी पोचते.

लोरेनला सांग, तुझ्या हसण्याचा मला राग नाही. लोभ आहेच, तो तुटत नाही म्हणून निर्धास्त राहा.

तुझी
मार्लिस

एल्म रिव्हर
८ डिसेंबर

ती. ताईस,
कॉनरॅडचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आम्ही दोघांनी मोठ्यानं वाचलं. रुबार्बपर्यंत लोरेन हसत होती. हीटरशी आल्यावर तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली की तुमच्या घराण्यात वेडेपणा समान वाटून दिलेला आहे, एकाला पुस्तकांत आणि एकीला रस्त्यावर.

आता मी पूर्वपक्ष मांडतो. गेल्या दहा दिवसांतले तुझे काही आकडे माझ्यापुढे आहेत: पाच, चार, चार, दोन, तीन, दोन. उतरत्या भाजणीचं हे गणित मला आवडत नाही. थंडीत गाडीचा अंदाज चुकतो, हे मला गाडी न चालवताही कळतं. तुझं अक्षरही बदललं आहे. पाकिटावरचा पत्ता तू नेहमी छापल्यासारखा लिहायचीस. या वेळी पोस्टमननं दारात उभं राहून मला विचारलं की हा पत्ता कोणा लहान मुलानं लिहिलाय का.

काही अंशी दोष माझाच. दोन वर्षांपूर्वी पेपर तपासून कंटाळलो होतो, तेव्हा गंमत म्हणून मी नियम केला: नव्या स्टेशनवर जो सर्वांआधी चार्ज करील त्याच्या नावापुढे एक तारा, आणि बरोबरी झाली तर ज्याचे तारे जास्त तो वर. कागदावर एक चांदणी काढायला मला काही लागत नाही. पण त्या चांदणीसाठी गेल्या वर्षी एक मनुष्य मुलीचं लग्न अर्ध्यात सोडून गेला. परवा मी तारा रद्द करण्याचा प्रस्ताव सगळ्यांच्या फोनवर पाठवला. तासाभरात सेहेचाळीस निषेध आले, त्यात एक तुझा होता, अंगठ्यासकट.

तू आणि रॉइस आज बरोबरीत आहात, चौदाशे चाळीसवर. तारेही सारखेच, नऊ-नऊ. म्हणून आता बातमी देतो. माँटानातल्या हॅरो ब्यूटच्या फाट्यावर जे नवं स्टेशन होणार होतं, तिथे रॉइस परवा जाऊन आला. त्यानं मला कळवलं आहे की तिथल्या खांबांवरचे दिवे लागले आहेत. तेव्हा तो तारा त्याचाच झाला असं समज आणि या वर्षापुरता नाद सोड. ख्रिसमसला इकडे ये. लोरेन बटाट्याच्या लेफ्स पोळ्या करणार आहे, आणि मला त्या लाटता येत नाहीत म्हणून आईची शपथ घालून तुला बोलावते आहे.

लोभाचा प्रश्न नाही. प्रश्न तू येण्याचा आहे.

तुझा
कॉनरॅड

टिलमन, माँटाना
२१ डिसेंबर

चि. कॉनरॅडास,
आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस, हातमोजे घालून लिहितेय. मोटेलच्या खोलीत हीटर आहे पण माझ्या बोटांना त्याचा पत्ता लागायला वेळ लागतो.

तुझं पत्र मिळालं आणि मी खोलीत एकटीच हसले. तू हुशार आहेस, पण रॉइसला ओळखत नाहीस. त्याला तारा मिळाला असता तर तो माझ्या फोनवर दहा वेळा ओरडला असता. मी पोस्टातल्या माणसाला तुमची यादी बघायला लावली. रॉइसपुढे अजून नऊच तारे! म्हणजे दिवे लागले, पण वीज आली नव्हती. अशी तीस स्टेशनं उघडताना मी पाहिली आहेत. आधी दिवे लागतात, मग आठवड्या-दोन आठवड्यांत कोणी तरी येऊन सही करतो आणि वीज सुटते. तुझ्या पत्राला दोन आठवडे होत आले. रॉइस नातवाच्या बाप्तिस्म्याला टल्साला गेलाय. कोणीच नाही रे रस्त्यात!

उद्या सकाळी निघते. एकशे अठरा मैल. हिशेबानं तीन टक्क्यांवर पोचेन. मोटेलची मालकीण ग्लेनिस फार चांगली आहे. म्हणाली, धुण्याच्या खोलीमागे साधा प्लग आहे, रात्रभर लावून ठेव, सकाळपर्यंत बरीच भरेल, मी पैसेसुद्धा घेणार नाही. मी तिचे आभार मानले आणि नको म्हटलं. भरलेली गाडी घेऊन गेले तर तिथे नखरे करीत बसेल, आणि मला उजेड असेतोवर पुढचं बेलफील्डचं ठिकाणही गाठायचं आहे. तिला ते काही पटलं नाही. म्हणाली, आजी, हवामानाची सूचना लागलीय, तिकडे फाट्यावर धान्याच्या बंद कोठाराशिवाय काही नाही, गाव नऊ मैल पुढे. मी म्हटलं, पोरी, टपालाला हवामान नसतं.

तारा मिळाला की सरळ तुमच्याकडे येते. लेफ्सचं पीठ जास्त मळायला सांग. तू कळवलंस म्हणून हे जमतंय, नाहीतर मी इकडे फिरकलेही नसते.

लोभ ठेव, आणि चांदणी काढायला पेन्सिल तासून ठेव.

तुझी
मार्लिस

टिलमन, माँटाना
२३ डिसेंबर, दुपार

ती. ताईस,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुझ्या हातात द्यायचं आहे. तुझं परवाचं पत्र मला इथेच मिळालं. ते ग्लेनिसच्या गल्ल्याजवळच्या टोपलीत पडून होतं, कारण दोन दिवस टपालाची गाडी आलेली नाही. पाकिटावर माझं नाव बघून तिनं ते मला दिलं आणि मग रडायला लागली. म्हणाली की मी त्या आजीच्या हातातली किल्ली काढून घ्यायला हवी होती.

काल दुपारी तीन चाळीसला तुझा फोटो आला. गाडी, जोडलेली केबल, पाटी, पडदा. पडद्यावर एक टक्का. चारही गोष्टी व्यवस्थित दिसत होत्या, फक्त ज्या खांबाला केबल जोडली आहे तो खांब काळा होता. खाली तू लिहिलं होतंस: लावलंय, दिवे अजून दिसत नाहीत, थांबते. मी लगेच फोन केला. लागला नाही. मग खरं काय ते फोनवर लिहून पाठवलं. तो मजकूर पोचल्याची खूण अजून उमटलेली नाही. पाच वाजता मी पेट्रोलची गाडी काढली. लोरेन बरोबर आहे. अर्धा रस्ता तिनं चालवली.

इथून पुढे रस्ता बंद आहे. शेरीफच्या कचेरीतला माणूस सभ्य आहे. त्यानं सांगितलं की बर्फ काढणारं यंत्र फाट्याच्या चाळीस मैल अलीकडून परत आलं, वारा पडल्याशिवाय पुन्हा जाता येणार नाही, बहुधा उद्या सकाळी. पलीकडच्या हॅरो ब्यूट गावाच्या बाजूनंही तेच. बाहेर शून्याखाली सव्वीस आहे. त्यानं विचारलं, तुमच्या बहिणीपाशी काय काय आहे. मी सांगितलं, एक गोधडी आणि एक कोट. त्यानं विचारलं, गाडी सोडून त्या चालत निघतील का. मी म्हटलं नाही, ती थांबते म्हणाली म्हणजे थांबेल. तो म्हणाला, ते बरंच आहे, आणि गोधडी व कोट दोन्ही कागदावर लिहून घेतलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. रॉइसनं मला जे कळवलं होतं ते पूर्ण असं होतं: दिवे लागले आहेत, पण ते तपासणीपुरत्या आणलेल्या जनरेटरवर, लाइनीचा ट्रान्सफॉर्मर नापास होऊन परत गेलाय आणि मार्चशिवाय नवा येत नाही, मार्लिसला सांग, तिकडे फिरकू नकोस. यातलं पहिलं वाक्य मी तुला लिहिलं आणि बाकीची गाळली. चुकून नाही. तारा मार्चपर्यंत मोकळा आहे हे कळलं तर तू आणखी तीन महिने रस्त्यावर राहशील, आणि तो गेला असं वाटलं तर हरल्यासारखी होऊन ख्रिसमसला घरी येशील, असा मी हिशेब केला. खोटं एक अक्षर लिहायचं नाही आणि काम साधायचं, याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला होता. लोरेनला मी हे वाटेत सांगितलं. ती नुसती गाडी चालवत राहिली.

रॉइसला सकाळी फोन केला. त्यानं एवढंच विचारलं की मी तिला सांगायला लावलं होतं, ते तू सांगितलंस ना. बाप्तिस्मा उरकून तो निघालाय, पण टल्सा इथून फार लांब आहे. तुझं यादीतलं स्थान, तारा, वर्षाचं नाव, सगळं तुझं; हवी तेवढी अंगठ्यांची चित्रं पाठव. लोभ असू दे असं लिहायचं धाडस आज होत नाही.

मला थंडीची भीती वाटते, वाऱ्याची वाटते. पण सर्वांत जास्त याची वाटते की अजून नऊ मैलांवर गाव आहे, अंगात ताकद आहे, तोवर निघावं असं तुझ्या मनात येत असेल, आणि दिवे लागले आहेत असं मी लिहिलं होतं म्हणून तू बसून राहिली असशील.

तुझा
कॉनरॅड