उताराची वाट

३ डिसेंबर

पोहोचले. मांडवगण फराट्याच्या बाहेर ऊस संपतो तिथून मोठा माळ सुरू होतो. सुट्टीला येणाऱ्यांसाठी विक्रमदादांनी इथं तंबू, झोपाळे, चुलीवरचं जेवण अशी सोय केलीय. आता त्यांना सायकलींच्या वाटा हव्यात, आणि त्या आखायला मला सांगलीहून बोलावलंय. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, माझी खाटही तिथंच. खिडकीतून बाभळी, हिवर आणि लांबवर भीमेकाठची हिरवी पट्टी दिसते. सायकली बघणारा अलीम इथलाच, रांजणगावची कंपनी सोडून आलेला. शिफ्टपेक्षा पंक्चर बरं, म्हणतो. त्याची आई नजमुन्निसाचाची स्वयंपाक करते. तिनं गरम भाकरी वाढली आणि एवढ्या माळावर एकटी राहतेस म्हणून मला रागावलीसुद्धा. मजेत आहे मी.

७ डिसेंबर

नवशिक्यांची वाट तयार झाली. टेकाडाला वळसा घालून पुन्हा ऑफिसच्या दारात येते. अलीमनं आणि मी दगड वेचले, वळणं रुंद केली, कडेनं चुन्याची फक्की मारली. पहिली फेरी माझी. पॅडल मारावंच लागलं नाही, वारा नुसता कानात. इतकी सोपी वाट मी आजवर आखली नव्हती.

९ डिसेंबर

एक गोष्ट खटकतेय. निघतो तिथंच परत येतो, मग सगळीकडं उतारच कसा? आज उलट्या बाजूनं जाऊन पाहिलं. तिकडूनही उतार. शेवटी थांबायला पाय घासावे लागले. विक्रमदादांना सांगितलं. ते हसले. लोकांना दमायचं नसतंय, रविवारी कंपनीतली मंडळी येतायत, तवा उद्घाटन करून टाकू, म्हणाले. मी आधी ब्रेक बदला म्हणून हट्ट धरला. नवे ब्रेक लावून उद्या अलीम फेरी मारणार आहे.

१० डिसेंबर

अलीम गेला आणि परत आला, पण थांबला नाही. मला वाटलं, गंमत करतोय. पुढच्या फेरीला त्याचा चेहरा दिसला.

"म्याडम, ब्रेक लागलाय. थांबंना."

चाकं खरंच फिरत नव्हती. जागच्या जागी घट्ट, तरी सायकल घसटत पुढं चाललेली. मी उडी मारायला सांगितलं. त्यानं मारली. पडला, गडगडत वळणापर्यंत गेला, तिथं कसाबसा उठला आणि पळायला लागला. पळतच पुन्हा आमच्या समोरून गेला. पाय त्याचे, पण थांबवणं त्याच्या हातात नव्हतं.

विक्रमदादांनी वाटेत ट्रॅक्टर आडवा घातला. अलीम बाजूनं निसटला. ट्रॅक्टर बंद होता, गिअरमध्ये होता, तरी हलला. दादा खाली उतरायच्या आत—

आता दोघंही फिरतायत.

११ डिसेंबर

गावातली माणसं दोर घेऊन आली. अलीमनं दोर धरला, आणि ओढणारेच फरफटत वाटेकडं निघाले. हातातून दोर सोडला म्हणून वाचले. त्यानंतर कोणी जवळ येईना. पोलिसांना फोन केलाय, निघालोय म्हणाले. चाची कडेला बसलीय. लेक आला की उठते, जवळून चालत जाते, त्याच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवते. आज तो डोळे मिटून पळत होता. भाकरी धरली नाही त्यानं.

१२ डिसेंबर

चाची वाटेवर उतरली. मी तिला कमरेला धरलं होतं. ती म्हणाली, "सोड पोरी. पडंल त्यो." माझे हात सुटले की तिनं सोडवले, माहीत नाही. आता त्याला खांद्यावर घेऊन तीही पळतेय. या वयात.

काहीच करता येत नाही. नुसतं बघायचं.

१३ डिसेंबर

सकाळी गावाकडं निघाले. रस्ता सपाट आहे, मी रोज बघते. पण पाय आपोआप पडत होते, उतारावर पडतात तसे. मान वर केली तर समोर आमच्याच वाटेची फक्कीची रेघ. मागं वळले. तिकडंही उतार. खोलीची कडी हाताला लागली म्हणून आत आले.

पोलीस आले नाहीत. की आले, आणि—

मगाशी पेला टेबलावरून दाराकडं सरकला.

१४ डिसेंबर

खाट दाराला जाऊन टेकलीय. मी खिडकीचा गज धरून आहे. भिंतीलाच पाठ लावून उभी, नाहीतर लोंबकळल्यासारखं होतं.

चाची खिडकीखालून गेली. रडत नव्हती. शांतपणे म्हणाली, "धरून राहिलं की हात लई दुखत्यात. सोडलं की काय वाटत न्हाई."

१४ डिसेंबर, पुन्हा

दार उघडलं. खाट गेली.

डाव्या हातात गज. उजव्यानं लिहितेय. दोन्ही हात लावायला हवेत, पण लिहायचं थांबले तर कुणाला कळणार की मी इथं

बोटं सरकतायत— आई, मी