‘जा पोरी’ला वन्स मोअर

१० जानेवारी
आज सकाळी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं आणि आरशासमोर तोंडाला काजळ फासलं. आमच्या प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनच्या मंडळाच्या नाटकात मी अमेरिकेतला काळा कामगार. माझ्यासारखाच पोलादाच्या कारखान्यात राबतो. रंगामुळे बढती नाही, चांगल्या वस्तीत घर नाही. मुलीला मात्र दूर जाऊन विमान चालवायला शिकायचंय. बायको गया म्हणाली, “प्लांटातून येता तवा असंच तोंड असते. काजळ कायले वाया घालवता?” नाटक बसवणाऱ्या गीतांजलीताई चिडल्याच. म्हणाल्या, “शालिकरामजी, त्यांचा रंग म्हणजे सोंग नाही. बाप दाखवा.” पटलं. धुतलं. बाप तर मी आहेच. तालमीची गरज नाही.

१४ जानेवारी
आमच्या लेकीला, उन्नतीला विशाखापट्टणमच्या बंदरात क्रेन चालवायची नोकरी लागली. एक तारखेला हजर व्हायचंय. मी शांतपणे नाही म्हटलं. (शेजाऱ्यांनी ऐकलं म्हणे.) पोरगी म्हणाली, “बाबा, तुमी सोता प्लांटात क्रेन चालवता, फिर मले कावून नाही?” ते वेगळं.
संकल्प : या विषयावर मौन.

१९ जानेवारी
नाटकाच्या शेवटी बापानं म्हणायचं, “जा पोरी, माझ्या भीतीपायी थांबू नको.” ‘जा’ घशातच अडकतो. थंडी. हळद-दूध सुरू.

२२ जानेवारी
सुपेल्याच्या बाजारातून खडीसाखर आणली. घसा ठणठणीत. वाक्य नाही. ताई म्हणाल्या, उद्या नाही जमलं तर काम दुसऱ्याला. उन्नती घरात बोलत नाही. शिस्त लागली.

२३ जानेवारी
तालमीत डोळे मिटून म्हटलं. जमलं. युक्ती सापडली.

२६ जानेवारी, सकाळ
काल प्रयोग. नारळ फोडला, हात जोडले : रंगदेवते, आजचा शब्द खोटा पडू देऊ नको.
शेवटचा प्रवेश. डोळे मिटणार, तेवढ्यात पहिल्या रांगेत उन्नती दिसली. मान खाली. विंगेतून प्रॉम्प्टर चंपत वाक्य सांगतोय. मग निघालं, रडतच. आमची माणसं मूळची झाडीपट्टीची, नाटकवेडी; आवडलं की सोडत नाहीत. वन्स मोअर! पुन्हा म्हटलं. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिनं मान वर केली होती.
घरी आलो तर पोरगी बॅग भरत होती. म्हटलं, ते नाटक होतं. गया म्हणाली, “नारळ फोडून, देवासमोर, तीनदा बोलले. अख्खं सेक्टर दोन साक्षीले हाय. आता देवाले खोटं पाडता का?”
देवाला मध्ये घ्यायला नको होतं.

३० जानेवारी
पावर हाउस रेल्वे स्टेशन. बॅग मीच डब्यात चढवली. सांगितलं, खाली माणूस असला तर लोड उचलायचा नाही. गाडी हलली तशी खिडकीतून म्हणाली, “बाबा, वन्स मोअर!”
घसा पुन्हा बसला. हातानंच ‘जा’ची खूण केली.
तिला पाठवायचं माझं पहिल्यापासूनच ठरलं होतं. आज पाठवलं.