बाबांच्या ट्रकची पेटी

३ मार्च, सोमवार

फोर-व्हील टाकला की कडकड! गिअरबॉक्सच्या मागची, चारही चाकांना जोर पोचवणारी ट्रान्सफर केस गेली बहुतेक — बाबा तिला नुसतं 'पेटी' म्हणायचे. रविवारी त्यांना शुश्रूषागृहात सोडायचं. त्याआधी एकदा त्यांच्याच ट्रकमधून टेकडीवर न्यायचं, एवढंच माझं मागणं. दादा म्हणाला, "ठमे, त्यांना टेकडी काय नि पलंग काय! अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, आत कुणी उरलंय का?" तेही त्यांच्या उशाशी बसून. भांडले मी. पण मलाही ते खोटं वाटेना.

४ मार्च

पेटीच्या मागे बोल्टखाली पत्र्याची पाटी. घासून नंबर वाचला — बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची पेटी, आत नुसते गिअर. म्हणजे दात तुटला असणार. जाडं तेल भरलं, नवे गिअर मागवले.

मग तशाच काळ्या हातांनी बाबांजवळ बसले. मागच्याच खोलीत त्यांचा पलंग, खिडकीतून ट्रक दिसतो. सवयीने सगळं सांगितलं — पाटी, नंबर, गिअर. त्यांनी डावं बोट माझ्या बोटात अडकवलं, ओढलं. मग माझ्या दुसऱ्या बोटात. मग तिसऱ्या. डॉक्टर म्हणालेच होते, "तान्ह्या बाळासारखं आहे ते, अर्थ काढू नका." नाही काढला.

५ मार्च

परत तेच बोट, तेच ओढणं. वहिनी म्हणते, "मायेने करत असतील हो." माया! धडधाकट होते तेव्हा कधी पाठीवर हात ठेवला नाही, फक्त "पाना आण." चिडून हात सोडवून घेतला. रडूही येईना.

६ मार्च

गिअर आले. दादा बाबांच्या पलंगाशी उभा राहून शुश्रूषागृहाशी फोनवर — "हो, कायमचंच. नाही हो, कळत काही नाही त्यांना." बाबांच्या डोळ्यांतून पाणी. वहिनीने मघाशी औषध घातलं होतं, त्याचंच असेल.

७ मार्च

पेटी खाली घेतली. एकटीने! बिडाची असती तर कंबर मोडली असती. चिखल खरवडून लोहचुंबक लावलं — चिकटेचना. ॲल्युमिनियम! ही पेटी वेगळीच. बाबांनीच कधीतरी बदललेली, आणि पाटी मात्र जुनीच लावली. हट्टच त्यांचा — पाटी गाडीची, पेटी बदलली म्हणून काय गाडीचं नाव बदलायचं? आणि मला मात्र ओरडायचे, "पाटी वाचू नकोस, पेटी बघ!" मी शहाणीने पाटीच वाचली. गिअर चुकीचे, तेल चुकीचं. आता एका दिवसात सामान कोण देणार? संपलं. टेकडी नाही, काही नाही.

उद्या उघडून बघते तरी. आता काय जातंय.

८ मार्च

उघडली. आत साखळी. ढिली पडून दातांवरून घसरत होती.

बोटांवर धरून बघितली. एक कडी दुसरीत अडकलेली, दुसरी तिसरीत.

अगं आई गं! साखळी! साखळी म्हणून सांगत होते बाबा!

म्हणजे दादाचं ते बोलणं, तो फोन, मी हात हिसडला ते — सगळं कळत होतं त्यांना.

खिडकीतून बघतायत. कुठल्या तोंडाने आत जाऊ?