लॅपटॉपची रंगीत तालीम

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (हल्ली पाठ धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली दोन पोचली असं समज). ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? पाणी येणं थांबलं का? आणि मुख्य म्हणजे, दिसतं कितपत? माणसं ओळखू येतात एवढंच, की समोरच्या भिंतीवरचं बारीकसारीकही दिसतं? सहज विचारतोय. तू रविवारी येणार म्हणून घरात सगळ्यांना आनंद झालाय. मलाही झालाय, फक्त माझ्या आनंदाला जरा धाप लागते.

माझ्या तब्येतीचं म्हणशील तर डॉक्टरांनी रक्तदाब पाहून सांगितलं, काळजी सोडा आणि सायकल चालवा. काळजी सोडणं आपल्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही (आजोबा कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जात आणि ते ओढून पाहायला परत येत), म्हणून मी सायकल घेतली. नेमका त्याच आठवड्यात ऑफिसने मला लॅपटॉप दिला आणि तो रोज घरी न्यायचा, रोज परत आणायचा, असा हुकूम काढला. माझं काम तुला ठाऊक आहे. विमा कंपनीतर्फे लोकांच्या मोडक्या वस्तू तपासायच्या आणि चूक कुणाची ते ठरवायचं. उभा जन्म फुटक्या काचा बघण्यात गेल्यावर अखंड काच दिसली, तरी ती फुटायची राहिली आहे एवढंच वाटतं. ऑफिसात मला शंकासुर म्हणतात. या शंकासुराने स्वतःचाच लॅपटॉप फोडला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

बरं, न्यायचा कसा? पाठीवर घ्यावा तर घामाने भिजणार, शिवाय पडलो तर मी त्याच्यावर. (आमच्या हिशेबनीसबाई अशाच उताण्या पडल्या. पाठ वाचली, पडदा गेला. त्या म्हणतात, उलट झालं असतं तर निदान रजा तरी मिळाली असती.) कॅरिअरला बांधावा तर प्रत्येक खड्डा थेट त्याच्या हाडांत. हँडलला अडकवावा तर वळणावर पिशवी एकीकडे आणि मी दुसरीकडे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी सायकलवाल्याने कॅरिअरच्या बाजूला आकड्यांनी लटकवायची पिशवी दाखवली आणि म्हणाला, "काही होत नाही, साहेब." मावशी, माझ्याकडे येणाऱ्या झाडून सगळ्या नुकसानीची सुरुवात याच वाक्याने होते. तरी पिशवी घेतली. बायकोची व्यायामाची चटई कापून पिशवीला आतून अस्तर लावलं (चटई कापतोय हे बायकोला सांगायचं राहिलं), लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, टॉवेल उशीच्या अभ्र्यात घातला, आणि मग हे बाळंतपणातलं बाळ पिशवीत मावेना म्हणून एकेक कपडा उतरवून पुन्हा आवळून गुंडाळत बसलो.

सगळं जमलं तरी धीर होईना. म्हटलं, आधी रंगीत तालीम करू. लॅपटॉपच्या जागी त्याच मापाचं दुसरं काहीतरी नेऊ. पहिल्या दिवशी भाजी चिरायची फळी नेली. ती ऑफिसला जाऊन सुखरूप परत आली (दुपारी पिशवी उघडून तिची चौकशी केली, तेव्हा हिशेबनीसबाईंनी खुर्ची जरा लांब सरकवली). पण त्यातून सिद्ध काय झालं? फळी मुळात फुटतच नाही. तपासणी खरी व्हायची तर वस्तू फुटणारी हवी. घरभर शोधल्यावर बाहेरच्या खोलीत अगदी मापाची एक वस्तू सापडली. पुढे काच, मागे पुठ्ठा, वजनही तेवढंच. ती घेऊन निघालो. खड्डे झाले, गतिरोधक झाले, एक टेम्पो कोपराला वारा घालून गेला, एका कुत्र्याने बराच वेळ सोबत केली. वस्तूला ओरखडा नाही!

संध्याकाळी दाराशी उतरलो. सायकल भिंतीला टेकवली, वस्तू पिशवीतून काढून शेजारी उभी केली आणि हा विजय बघायला बायकोला हाक मारली. ती दार उघडते तोच सायकल घसरली. सावकाश घसरली, अगदी विचारपूर्वक, आणि चेनच्या बाजूने नेमकी त्या वस्तूवर पडली. टॉवेल, अभ्रा, चटई, सगळे संरक्षक त्या वेळी पिशवीत आराम करत होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते असं.

बाकी सर्व ठीक. लॅपटॉप सुखरूप आहे. काकांना नमस्कार सांग.

तुझा काळजीवाहू भाचा

ता. क. रविवारी आलीस की खिडकीजवळच्या खुर्चीत बस. तिथे वारा छान येतो. पाठ भिंतीकडे होते, पण वारा छान येतो.

ता. क. २. लॅपटॉप सुखरूप आहे, कारण तो कपाटात आहे. ऑफिसला मी सध्या चालत जातो आणि साहेबांना "उद्या आणतो" म्हणतो. रक्तदाब वाढलाय.

ता. क. ३. बायको म्हणते, एवढं लिहिलंस तर खरंही लिही. मावशी, ती वस्तू म्हणजे तू आम्हाला भरतकाम करून दिलेली, भिंतीवरच्या चौकटीतली बदकं. काच गेली, त्याचं काही नाही. पण एका बदकाच्या मानेवर चेनचं काळं तेल लागलंय आणि छातीवरचे निळे टाके उसवलेत. एक डोळा गेल्यावर, दुसरा जायच्या आत, तू ती बोटांनी चाचपत भरली होतीस. तसं काम पुन्हा होणार नाही, हे मला कळतं. नुकसान तपासनीस या नात्याने चूक शंभर टक्के माझी. टाके मीच घालून पाहिले, तर बदकाला गालगुंड झाल्यासारखं दिसायला लागलं. फार वाईट वाटतंय गं. येताना निळा दोरा आण. सुई मी ओवीन, डोळे माझे घे, हात तुझे चालव. आणि पहिल्या परिच्छेदातल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर कळव. "दिसत नाही" म्हणालीस तर मी सुटलो.

तरी "दिसतं" असंच म्हण.