सरकीसाठी चालवलेलं इंजन

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. जालन्यात आता कापसाचं बियाणं पिशव्यांतून मिळतं. परवा दुकानापुढच्या रांगेत एक म्हातारा कास्तकार दुकानदाराला विचारत होता, "संपलं म्हंजे? मंग पेरू काय?" त्याच्या आवाजातली भीती मी लगेच ओळखली. निजामी राजवटीच्या त्या शेवटच्या उन्हाळ्यात भोकरदनकडून मामा आला होता, तेव्हा त्याचा आवाज अस्साच होता.

तुम्ही तेव्हा कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या जिनाचं इंजन सांभाळत होता. बंदुका घेतलेली माणसं रस्त्यानं फिरायची आणि दिवसाढवळ्या दारं लागायची. मालक कुटुंबाला घेऊन राज्याच्या सरहद्दीपलीकडं निघून गेले होते, मजूर पांगले होते, किल्ल्या तेवढ्या तुमच्याकडं राहिल्या होत्या. मी एकोणीस वर्षांची. सासरच्या गावावर दहशत, म्हणून मला माहेरी आणून ठेवलेलं. मामा आला तो बसलासुद्धा नाही. त्याच्या गावाचा जवळजवळ सगळा कापूस जिनाच्या आवारात तसाच पडला होता. "दाजी, सरकी त्याच्यातच अडकली. पंधरा दिवसांवर पेरणी आली. घरात राह्यलेल्या कापसातून बाया हातानं सरकी काढून राह्यल्या, दिवसाला ओंजळभर निघती." तुम्ही विचारलंत, "घरोघरी सरकी काढायच्या हातचरक्या होत्या ना?" मामा म्हणाला, "जीन आलं तशा चुलीत गेल्या. ठेवल्या कशाला असत्या?"

जीन कापसावर जगतं हे सगळ्यांना दिसतं, पण शेतही जिनावर जगतं हे गाडी रिकामी करून जाणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही, असं तुम्ही नेहमी म्हणायचा. त्या दिवशी तसलं काही बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, "इंजन लावलं की आवाज मस्तगडापर्यंत जाईल. तिथले बंदूकवाले धावून येतील." आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जाऊ नका." मामा नुसता उभा राहिला. त्याचं ते उभं राहणं तुम्हाला सोसलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिघं आत शिरतो. तुम्ही फाटकाला आतून कुलूप घालता. मामा कापूस उचलून आणतो, मी यंत्राला भरवते. एका बाजूनं रुई पडते, खाली सरकी गळते. इंजनाची धडधड माझ्या छातीत बसलेली. तुम्ही मला इंजनावरून यंत्राकडं येणारा पट्टा उतरवायचा लांब लाकडी दांडा दाखवून ठेवलेला. "मी सांगितलं की दांडा ओढायचा. यंत्र थांबतं. हात घालायचा न्हाई, काही झालं तरी." चार पोती होतात. पाचव्या पोत्याचं तोंड मामा बांधून राह्यलाय, तेवढ्यात फाटकावर बंदुकीचे दस्ते आदळायला लागतात.

मी पळाले. कापसाच्या ढिगामागं जाऊन तोंडात पदर कोंबला. यंत्र तसंच फिरत होतं. दांड्यापाशी कुणी नव्हतं. तुम्ही इंजनाकडून धावत आलात आणि घाईत दांड्याऐवजी हातानंच पट्ट्याला झोंबलात. तुमची किंकाळी मात्र मी आजही ऐकते.

फाटक तोडून ते आले तेव्हा तुम्ही जमिनीवर बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्यांच्यातला एक दाढीवाला, मामाच्याच वयाचा, ओरडला, "किसके हुकूम से चलाया?" तुम्ही म्हणालात, "हुकूम न्हाई. पेरनी का टैम है. सरकी होना." तो पोत्यांकडं बघत राहिला. त्यानं मूठभर सरकी उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हमारे अब्बा भी सरकी का ही पूछ रहे." मग त्यानंच आपल्या रुमालानं तुमचा हात आवळला. एक पोतं त्यानं ठेवून घेतलं, चार मामाच्या गाडीत जाऊ दिली. जाता जाता बजावलं, "फिर आवाज आया तो गोली."

गावानं पेरलं. त्या पावसात मला रोज धास्ती असायची की ते बंदूकवाले परत येतील. पावसाळा सरता सरता ते राज्यच गेलं. पण तुम्ही पुन्हा इंजनाला हात लावला नाहीत. मामाच्या गावी जाऊन त्याच्या शेतात डाव्या हातानं खुरपत बसलात. दोष मात्र कधी माझ्यावर येऊ दिला नाहीत. कुणी बोटांचं विचारलं की म्हणायचा, "इंजनाचा कल्ला केवढा! पोरीला हाक ऐकू गेली न्हाई." मी शेजारी बसून मान हलवायची. तुम्ही शेवटच्या दुखण्यात पडलात तेव्हा वैद्यांनाही तेच सांगितलंत, आणि मी तेव्हाही मान हलवली.

हे पत्र मी घडी करून चुलीतच घालणार आहे. घरात कुणाला दाखवायची अजून छाती होत नाही. आबा, तुम्ही एकदा नव्हे, दोनदा हाक मारली होती. दोन्ही मला ऐकू आल्या होत्या.